नळीवरचं सोनं

28 सप्टेंबर 2025, रविवार. भांडगाव
खंडेनवमी बुधवारी. घरोघरी कोयते, विळे, पान्हे घासणं चाललंय. भांड्यांवर नावं घालून घ्यायला कोणाला सवड नाही. दुपारी शेजारच्या वाड्यातला पोरगा माळ्यावरची तोड्याची बंदूक घेऊन आला. नळी बुजलेली, चाप गंजून बसलेला. "काका, पॉलिश पेपर मारू का?" म्हटलं, थांब बाबा. बत्ती लागते तिथं, गंजाखाली, पिवळी रेघ दिसत होती.

29 सप्टेंबर
भिंगाखाली पाहिलं. कोफ्तगिरी! पोलादावर छिन्नीनं उभ्याआडव्या बारीक रेघा मारून ते खरबरीत करायचं, त्यावर केसाएवढी सोन्याची तार नक्षीच्या वळणानं ठोकत न्यायची, तापवायचं, मग अकिकाच्या दगडानं घोटायचं. डाक नाही, सरस नाही. खरबरीचे दातच तार धरून ठेवतात. तावानं पोलाद निळंकाळं होतं आणि सोनं उठून दिसतं. मात्र हे सोनं वरवरचं, हाताच्या घासानंही झिजतं. तहनिशान त्याहून पक्कं. त्यात खाच खणतात, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. तार ठोकली की आत अडकून बसते. बिदरचे कारागीर खाच खणून चांदी बसवतात, पण ती जस्ताच्या ओतीव भांड्यांत. पोलाद त्याहून कितीतरी हट्टी.

सोन्याचं हे काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या 1581 च्या चिलखतावर बघावं. मी तांब्यांवर मशीनच्या सुईनं नावं घालतो. त्या हातापुढं माझं काम म्हणजे गिरगटणं. पावसात तोडा विझला की मुकी होणाऱ्या बंदुकीला एवढा थाट? पण सोनं नेमासाठी नव्हतंच, मालकाच्या मानासाठी होतं.

30 सप्टेंबर
पोराला बंदुकीच्या परवान्याच्या कागदाचं विचारलं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना सूट आहे. पण ही त्यात बसते का, हे तू-मी ठरवायचं नाही. यवत पोलीस ठाण्यात विचारून ये म्हटलं. कुरकुरला, पण गेला.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजा झाली. हळदकुंकू पाटावर वाहिलं, नळीवर नाही. पोराची आजी नाराज.

कोणाच्या घरी असं हत्यार असेल तर चिंच, राख, पॉलिश पेपर काही लावू नका. कोरडं सुती फडकं पुरे. गंज काढायचाच असेल तर आधी संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा; खरवडून गेलेलं सोनं परत बसत नाही.