मीटर खराब आहे!

शनिवारी सकाळी वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगला माणूस आला होता. त्याने पेनासारखं टीडीएस मीटर आधी नळाच्या पाण्यात बुडवलं, मग फिल्टरच्या. आकडा धाडकन खाली. "बघा सर!" मी बघत होतोच, पण डोळ्यांसमोर होती फर्स्ट इयरची केमिस्ट्री लॅब. कारण ते पेन काही क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते, म्हणजे कंडक्टिव्हिटी, ते मोजतं आणि ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. आणि याच कंडक्टिव्हिटीने माझी एकदा भर व्हायव्हात अब्रू काढली आहे.

त्याचं असं झालं. आधी ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराईडवर मीटर लावून घ्यायचं, मग तेवढ्याच तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची कंडक्टिव्हिटी मोजायची. क्लोराईडला १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, अगदी पुस्तकात असतं तसं. हायड्रोक्लोरिकला ३९. मजेत चाललं होतं. अ‍ॅसेटिकला ०.५२!

मी आणि पार्टनर एकमेकांकडे बघतच राहिलो. सेल डिस्टिल्ड वॉटरने धुतला, वायर हलवून पाहिली, मीटरला दोन चापट्या मारल्या (आपल्याकडचा दुरुस्तीचा मूलमंत्र). ०.५१. लॅबचे मामा लांबूनच म्हणाले, "मीटर ठीक आहे रे, आत्ताच तर लावलंत." पण ऐकतो कोण? दोन्ही अ‍ॅसिडच, मग पंचाहत्तरपट फरक कसा असेल? मीटर खराब आहे, विषय संपला. मी ०.५२ खोडून ३१.४ लिहिलं. नुसतं ३० लिहिलं तर संशय येतो, ३१.४ कसं मोजल्यासारखं वाटतं!

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "स्ट्राँग आणि वीक अ‍ॅसिडमध्ये फरक काय?" पाठच होतं. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटून आयन होतात. अ‍ॅसेटिकचे या तीव्रतेला शंभरात जेमतेम एक-सव्वा. वीज वाहून नेणार आयनच, त्यामुळे... बोलता बोलता मी काय बोलतोय ते मलाच ऐकू आलं. सरांनी शांतपणे जर्नलचं पान उलटलं.

"मग हे ३१.४ कुठून आलं?"

मार्क गेले ते सोडा. पाठ केलेली गोष्ट मीटरने डोळ्यांदेखत दाखवली होती आणि मी मीटरलाच खोटं ठरवलं, हे जास्त लागलं.

मग नाक मुठीत धरून जरा वाचलं. हायड्रोजन आयन सोडियम आयनपेक्षा सातपट वीज वाहून नेतो, कारण तो एकटा पाण्यातून पोहत जात नाही. स्लॅबच्या दिवशी रांगेतला प्रत्येक जण आपल्या हातातलं घमेलं पुढच्याला देतो आणि मागचं घेतो, तसं पाण्याचे रेणू करतात. आणि स्वांते अ‍ऱ्हेनियस! याने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात पातळ द्रावणांच्या कंडक्टिव्हिटीवर प्रबंध दिला. परीक्षकांना फारसा पटला नाही, श्रेणी खालची मिळाली. पुढे याच आयनांच्या सिद्धांतासाठी १९०३ चं नोबेल. त्याने आपले आकडे खोडले नव्हते, एवढाच काय तो आमच्यात फरक (!).

हे सगळं आत्ता आठवायला अजून एक कारण आहे. मागच्या आठवड्यात लोड टेस्टच्या दहा रनपैकी एक बाकीच्यांच्या चाळीसपट हळू आला. टीममेट म्हणाला, "काढून टाक रे, उद्या डेमो आहे." बोट डिलीटवर गेलंही होतं. पण ३१.४ आठवलं. रात्री अकरापर्यंत बसून शोधलं तर एका ठिकाणी डेटाबेसचं कनेक्शन सोडलंच जात नव्हतं. कोड कोणाचा? अर्थात माझाच. डेमो पुढे गेला, मॅनेजर अजून धुसफुसतोय.

असो. प्युरिफायरवाल्याला मी विचारलं, "हे जरा लिंबाच्या रसात बुडवून बघू का?"

"नको सर," तो घाईघाईने पेन खिशात टाकत म्हणाला, "मीटर खराब होईल."