पान 37, ओळ 9

गेले चार महिने मी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारतेय, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधी? कुठल्या कागदावर बघितलं?’ आणि उत्तर ऐकता ऐकता दर वेळी अंगावर काटा येतोय. वंशवेल काढायची म्हणजे नावाखाली नाव लिहायचं आणि रेघा जोडायच्या, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. नावाशेजारी एक बारकी ओळ लिहायची असते, हे नाव मला कुठून मिळालं याची ओळ, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आता ते कुणाला सांगू नि कुणाला नको, असं झालंय!

सुरुवात झाली माझ्या चुलत्यांच्या वहीपासून. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. चुलत्यांनी दोनशे पानी वहीत सात पिढ्या मांडून ठेवल्या होत्या, सुवाच्य अक्षरात, लाल शाईच्या समासासकट. पणजोबा दगडू, त्यांच्या नावापुढं जन्मतारीख, महिना, साल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नेमकी तारीख बघून मी हरखूनच गेले. ती कुठून आली, हे मात्र वहीत नव्हतं, आणि चुलते जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

पुढं 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला गावोगाव माणसं तहसील कचेरीकडं निघाली आणि ‘कोतवाल बुक’ हा शब्द आमच्या भागात घरोघर पोचला. आमचे भाऊबंदही निघाले. त्यांच्यामागून मी गेले, माझ्या वेगळ्याच ओढीनं. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना 14. आमच्या गावची जुनी पानं मोडीत. मला मोडीचं एक अक्षर येत नाही, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत यायची गळ घातली.

वही उघडली आणि पहिलाच धक्का! वर लिहिलं होतं ‘जिल्हा सातारा’. मला वाटलं, चुकीचा गठ्ठा आला. गुरुजी म्हणाले, ‘ताई, तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता.’ 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. 1949 च्या आधीचा आमचा सगळा कागद सातारा जिल्ह्याच्या नावानं. शाळेत शिकवलेलं असणार हे, पण स्वतःच्या गावच्या पिवळ्या पानावर ते वाचताना जमीन जराशी सरकल्यासारखी वाटली. तेव्हापासून मी गावाशेजारी दोन्ही लिहिते, कागदावरचा जिल्हा आणि आजचा जिल्हा.

आणि मग पान 37, ओळ 9. चुलत्यांच्या वहीतली तीच तारीख, तोच महिना! मी जवळजवळ ओरडलेच. पणजोबा सापडले! गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टी त्या ओळीखाली धरली आणि म्हणाले, ‘ओळीत आहे तेवढंच लिहून घ्या. एक अक्षर जास्त नको.’ मी लिहायला लागले. बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’. बस्स. पोराचं नावच नाही! बारसं व्हायच्या आतच वर्दी जायची, त्यामुळं अशा जुन्या नोंदींत बाळाचं नाव बहुधा नसतंच. ‘यात दगडू कुठं आहे?’ गुरुजींनी विचारलं. खरंच की, कुठंच नव्हता. दगडू माझ्या डोक्यात होता, कागदावर फक्त ‘मुलगा’ होता.

‘आता मृत्यूची पानं बघू,’ ते म्हणाले. मला बघायची नव्हती. जन्म सापडला होता ना! पण ते एकेक ओळ वाचत गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीला बापाचं तेच नाव आलं. मुलगा, वय महिने 7. जन्माच्या ओळीपासून बोटांवर मोजले तर बरोबर सात महिने होत होते.

मी किती वेळ त्या ओळीकडं बघत बसले ते आठवत नाही. सव्वाशे वर्षांत आमच्या घरात कुणी ज्याचा उल्लेख केला नाही, असं एक बाळ. चुलत्यांनी वहीत पणजोबांची म्हणून लिहिलेली तारीख त्या बाळाची होती. पणजोबांची ओळ तीन वर्षांनी पुढं, पान 52 वर सापडली, तीही अशीच, बापाचं नाव आणि ‘मुलगा’. त्यानंतर त्या बापाला मुलगा झाल्याची नोंद नाही आणि या मुलाच्या मृत्यूचीही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं सालही तेच निघालं. तिथली तारीख अर्थात 1 जून, म्हणजे मास्तरांनी घातलेली. गावोगावच्या आज्या-आजोबांचा वाढदिवस एक जूनलाच का येतो, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून शाळेच्या नोंदीतून मी साल घेतलं, तारीख सोडली, आणि असं केल्याचं लिहूनही ठेवलं.

चुलत्यांनी ओळ चुकीची वाचली नव्हती हो! ते माझ्याआधी त्या पानापर्यंत पोचले होते. पान आणि ओळ त्यांनी लिहून ठेवली असती, तर त्यांच्या हयातीत मी तिथं जाऊन आले असते आणि सात महिन्यांच्या त्या बाळाबद्दल दोघं मिळून बोललो असतो. ती हळहळ अजून जात नाही.

त्या रात्री घरी येऊन मी अख्खी वंशवेल नव्यानं काढायला घेतली. प्रत्येक नावाशेजारी टीप. कागद असेल तर कोणता, कुठल्या गावचा, कुठल्या कचेरीत ठेवलेला, पान, ओळ, लिपी, अस्सल की नक्कल, कुणी वाचला, मी डोळ्यांनी पाहिला की नुसता ऐकला, फोटो काढला असेल तर त्याचा नंबर. तोंडी माहिती असेल तर कोण बोललं, तेव्हा त्यांचं वय काय, कुठं, कुठल्या दिवशी आणि त्यांनी ते स्वतः बघितलेलं की आणखी कुणाकडून ऐकलेलं. आणि जिथं माझा नुसता तर्क, तिथं स्पष्ट ‘तर्क’.

काय काय हाती लागलं त्यातून! आजीचे वडील ‘प्लेगच्या साली’ जन्मले, असं घरात कायम सांगत. तेच टिपेत लिहायला गेले आणि थबकले. कुठल्या प्लेगच्या साली? मुंबईत तो 1896 ला आला आणि पुढं कितीतरी वर्षं या मुलखात फिरून फिरून येत राहिला. लोक माळावर झोपड्या घालून राहिले, परत गावात आले, पुन्हा माळावर गेले. एका सालाचा आधार म्हणून मी जो शब्द धरला होता त्यात दोन दशकं मावत होती. जुन्या कागदांवरच्या सालांचंही तसंच. इसवी सन काढायला शकाचा आकडा असेल तर 78 मिळवायचे, जानेवारी ते पाडवा या काळातला कागद असेल तर 79. फसली असेल तर 590 किंवा 591. सुहूर सन असेल तर 599 किंवा 600. मी आता आधी कागदावरचा आकडा जसाच्या तसा उतरवते आणि शेजारी माझा हिशोब मांडते, म्हणजे चुकले तर पुढच्याला कळेल की मी नेमकी कुठं चुकले.

आजीचं माहेर आटपाडीकडचं. तिथं तर आणखी वेगळं! आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगलीत. एकाच घरातल्या नवरा-बायकोचे जुने कागद शोधायला दोन वेगळ्या सरकारांची दारं ठोठावायची! आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामाला होते. 1910 मध्ये वसलेली ती वाडीही औंधच्याच हद्दीत. म्हणजे इंग्रजी मुलखातले आजोबा रोज संस्थानात कामाला जात होते. हे घरात कुणीच असं कधी म्हटलं नव्हतं, टीप लिहिताना ‘कुठल्या राज्यात’ हा रकाना भरायचा होता म्हणून सुचलं.

एक दुखरी गोष्टही सांगते. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, त्यात माझ्या मावसभावाच्या तळमजल्यावरची ट्रंक गेली. तिच्यातल्या तीन कागदांचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत. खूप आधी सहज काढलेले. कुणाचे कागद, कुठल्या गावचे, कुणी जपलेले, मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण वरचा भाग फोटोत आलेलाच नाही. गुरुजींनी वाचून दाखवले, कुणाच्या तरी दोन बिघे जमिनीचा व्यवहार आहे. कुणाच्या, ते आता ट्रंकेलाच ठाऊक.

आणि हे सगळं माझ्याच मातीत आधी होऊन गेलंय, हे कळल्यावर तर मी रात्रभर वाचत बसले! इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये काढला, तो आमच्या वाईला, तिथल्याच एका घरात मिळालेल्या कागदांवरून. पुढं असे 22 खंड. त्याच सुमारास, 1897 पासून, मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापत होते. एक कृष्णेच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. प्रत्येक पत्राला लेखांक, म्हणजे कुणीही उठून म्हणू शकतो, अमुक लेखांक काढा, मला तो वेगळा लागतो. त्याहून जुने आपले महजर. निवाड्याच्या कागदावर साऱ्या गावाची साक्ष, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ‘हे कुणी सांगितलं’ याला उत्तर द्यायची रीत आपल्या गावांना केव्हापासूनची होती!

पान 37 बद्दल मी आत्तीला फोन केला. आत्ती तासगावला असते, वय 84. तिला सगळं सांगितलं, दोन ओळी, सात महिने, तीन वर्षांनी पणजोबा. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘म्हंजी म्हणून त्यांचं नाव दगडू ठेवलं व्हय गं.’

मला एकदम समजलं. पहिलं मूल हाती लागलं नाही की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू असं ठेवायचं, म्हणजे नजर लागत नाही, पोर जगतं. पणजोबा अंगानं दणकट, म्हणून दगडू, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. नाव तर बारशालाच पडलेलं! आत्ती म्हणाली, ‘आमची आजी देवाला निवद दावताना एक वाटी जास्त काढायची. कुणाची म्हणून विचारलं की काय बोलायची न्हाई.’

मी तिला थांबवलं आणि पेन शोधलं. हे तू स्वतः बघितलंस, की कुणी सांगितलं? ‘मी बघितलंय की. चुलीपाशी बसून.’ तेव्हा तुझं वय काय असेल? ‘परकर नेसायची मी. आठ-नऊ.’ पान 37, ओळ 9 च्या खाली मी लिहिलं: आत्ती, वय 84, तासगाव, फोनवर, रात्री पावणेनऊ, स्वतः पाहिलेलं, एक वाटी जास्त.