गिअरबॉक्स उघडण्याआधी
(मुख्याध्यापिकेच्या लेखणीतून)



या पानावर निकाल, स्नेहसंमेलन आणि परीक्षेच्या तारखा वाचण्याची तुम्हांला सवय आहे. या अंकात मात्र मी अमेरिकेतल्या एका डिझेल पिकअप ट्रकच्या गिअरबॉक्सविषयी लिहिणार आहे. काहींच्या भुवया उंचावतील. पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी जो प्रस्ताव ठेवणार आहे, त्याचा या ट्रकशी संबंध आहे.

2019 च्या उन्हाळी सुट्टीत मी बहिणीच्या मुलाकडे टेक्सासला गेले होते. तो आणि त्याचा भागीदार मिळून लोकांचे जुने फर्निचर, शेतीची लहान यंत्रे असे सामान ट्रेलरवर पोचवण्याचा व्यवसाय करतात. त्यासाठी त्यांच्याकडे एकच गाडी होती : वीसेक वर्षे जुना डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक गिअरचा. मी गेले तेव्हा गाडीला विचित्र खोड लागली होती. ताशी 45 मैल, म्हणजे साधारण 72 किलोमीटर वेग झाला की पाय स्थिर असतानाही इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन-तीनशेने वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. बसणाऱ्याला सारखे हलके झटके बसत. एका वर्कशॉपने सांगितले की गिअरबॉक्स संपला, उतरवून नव्याने बांधावा लागेल. खर्च चार हजार डॉलर. एवढे पैसे दोघांकडे नव्हते, आणि गाडी उभी राहिली तर धंदाच उभा राहणार होता.

मी यंत्रविद्येतली जाणकार नाही. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका, तीही हिंदी माध्यमातून बी.एस्सी. झालेली. पण "मावशी, तू निदान ऐकून तरी घे," असे म्हणत भाच्याने गाडीचे जाडजूड दुरुस्ती-पुस्तक पुढ्यात ठेवले, आणि पुढचे तीन दिवस आम्ही दोघे त्यात बुडालो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. जनरल मोटर्सने 1939 साली, 1940 च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांसाठी, हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला. मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो हाच. गिअर केव्हा बदलायचा हे ठरवण्यासाठी अशा गिअरबॉक्सला मुख्यतः दोन गोष्टी कळाव्या लागतात. एक, गाडीचा वेग किती. दुसरी, चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, म्हणजे इंजिनावर भार किती. चढावर पाय जोरात असेल तर खालचा गिअर धरून ठेवायचा, सपाटीवर पाय हलका असेल तर लवकर वरचा टाकायचा.

पेट्रोल इंजिनात ही दुसरी बातमी आपोआप मिळते. हवा आत घेणाऱ्या नळीत एक झडप असते. ती कमी उघडी असली की आत निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, जास्त असतो. पूर्ण उघडली की तो जवळजवळ नाहीसा होतो. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना एका बारीक नळीने हा व्हॅक्यूमच पोचवलेला असे. डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात हवा मोकळी आत येते आणि ताकद कमी-जास्त होते ती डिझेल किती फवारले यावर. त्यामुळे भार ओळखायला तिथे व्हॅक्यूम मिळत नाही. (आपल्याकडच्या कित्येक डिझेल जीपगाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, तो ब्रेकसाठी, कारण हेच.)

म्हणून डिझेल पिकअपमध्ये ही बातमी मुद्दाम तयार करून गिअरबॉक्सला द्यावी लागली. जनरल मोटर्सच्या 1982 पासूनच्या 6.2 लिटर डिझेल इंजिनाबरोबर काही गाड्यांत पंपाने व्हॅक्यूम निर्माण करून, इंधन-पंपावरच्या एका व्हॉल्व्हने तो कमी-जास्त करून गिअरबॉक्सकडे पाठवत. फोर्डचा ई4ओडी हा कॉम्प्युटरवर चालणारा गिअरबॉक्स 1989 मध्ये आला. त्या काळच्या डिझेल गाड्यांत इंधन-पंपाच्या दांडीवर एक सेन्सर बसवला होता. दांडी किती फिरली ते तो व्होल्टमध्ये सांगे. काही गाड्यांत हे काम साधी तारेची केबल करते, आणि ती सैल किंवा जास्त ताणलेली असली तरी गिअर चुकीच्या वेळी पडतात.

मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात येते. गिअरबॉक्स धडधाकट असूनही त्याला मिळणारी बातमी खोटी असेल, तर तो खोट्या बातमीवर अगदी इमानाने काम करतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गिअरबॉक्सच बिघडला असे वाटते.

काटा वर-खाली होण्याचे कारणही पुस्तकात सापडले. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; तसेच हे, फक्त हवेऐवजी तेल. यात थोडी घसरण असते. ती वाचवण्यासाठी ठरावीक वेगानंतर एक क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. आमच्या गाडीत हा क्लच सारखा लागत होता आणि सुटत होता. प्रश्न एवढाच होता की क्लच थकला आहे, की त्याला तसा हुकूम मिळतो आहे?

आम्ही स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरुवात केली. प्रथम गिअरचे तेल : गाडी सपाटीवर उभी करून, तेल गरम असताना, पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीने पाहिले. पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. क्लच खरोखर जळत असते तर तेल काळपट झाले असते आणि वास आला असता. मग दोन्ही बॅटऱ्यांची टोके आणि चासीला जोडलेल्या अर्थच्या तारा सोडवून, घासून, घट्ट बसवल्या. मग ॲक्सिलरेटरचा सेन्सर : पेडल सावकाश दाबत गेले तेव्हा व्होल्ट अर्ध्याच्या आसपासून एकसारखे वाढत गेले, मध्ये कुठे तुटले नाहीत.

उरला अल्टरनेटर. त्यात निर्माण होते ती प्रत्यावर्ती धारा. डायोड तिला दिष्ट धारेत बदलतात आणि मगच ती बॅटरीकडे जाते. "याचा दिष्टकारी तपासला का?" मी विचारले. भाचा हसायला लागला. इंग्रजीत शिकलेल्या त्या मुलाने हा शब्दच ऐकलेला नव्हता. मी कागदावर चार डायोडची आकृती काढली, आमच्या देवासच्या कॉलेजात काढत असू तशी, आणि तो म्हणाला, "अगं, हा तर रेक्टिफायर!" शब्द दोन होते, आकृती एकच.

मल्टीमीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावला. इंजिन बंद असताना जवळजवळ शून्य, म्हणजे मीटर भरवशाचा. इंजिन चालू केल्यावर 0.8 व्होल्ट. चांगल्या अल्टरनेटरला हा आकडा 0.1 च्या आत असतो. एखादा डायोड गेला की प्रत्यावर्ती धारेची लहर सगळ्या वायरिंगमध्ये शिरते. कॉम्प्युटर त्या लहरीलाच पेडलची हालचाल समजतो आणि क्लचला "लाग, सूट, लाग, सूट" असे हुकूम सोडत राहतो. खात्री करण्यासाठी इंजिन बंद करून अल्टरनेटरचा प्लग काढला आणि दिवसाउजेडी फक्त बॅटऱ्यांवर चार-पाच मैल गाडी चालवली. काटा जागचा हलला नाही. (चालू इंजिनावर बॅटरीची तार मात्र कधीही काढू नये, नाजूक उपकरणे जळतात.) दुसरा अल्टरनेटर दोनशे डॉलरच्या आत मिळाला, आणि सोमवारी गाडी कामावर गेली.

प्रत्येक वेळी असेच निघेल असे नाही. काही गिअरबॉक्स खरोखरच झिजलेले असतात आणि ते उघडावेच लागतात. पण ते सगळ्यांत शेवटी, बाकी सारे तपासून झाल्यावर.

आता शाळेकडे येते. आठवीच्या गणित-विज्ञानाच्या निकालानंतर काही पालकांनी आणि विश्वस्तांनी सुचवले आहे की मागे पडणाऱ्या मुलांची वेगळी तुकडी करावी. त्यामागची काळजी मी जाणते. पण तुकडी बदलणे म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आहे. "तू कच्चा" हा शिक्का एकदा बसला की तो दहावीपर्यंत पुसत नाही.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी गणितात सारखी नापास होत होती. तिच्या वहीत रीत बरोबर असे, आकडे चुकीचे. फळ्यावरचा 3 तिला 8 दिसत होता. डोळे तपासले, चष्मा लागला, आणि वार्षिक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. आपली कित्येक मुले घरी मालवी किंवा हिंदी बोलतात, शाळेत मराठी वाचतात आणि विज्ञान इंग्रजीत लिहितात. प्रश्न समजला नाही म्हणून उत्तर आले नाही, असे किती जणांचे होत असेल? ज्या बाईने "दिष्टकारी" शिकून पुढे "रेक्टिफायर" शिकवला, तिला हे सांगावे लागत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. वेगळ्या तुकडीचा निर्णय एक सत्र थांबवावा. त्याआधी आठवीच्या सर्व मुलांची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. मागे असलेल्या प्रत्येक मुलाला तेच प्रश्न एकदा तोंडी, त्याच्या घरच्या भाषेत विचारावेत. सकाळच्या शाळेला कोण उपाशी येते, याची वर्गशिक्षकांनी नोंद ठेवावी. एवढे करूनही ज्यांना वेगळ्या शिकवणीची गरज दिसेल, त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर एक तास मी स्वतः घेईन.

आणि एक लहानशी मागणी. ज्या पालकांचे गॅरेज आहे, त्यांनी भंगारातले एक-दोन अल्टरनेटर शाळेला द्यावेत. बारावीच्या मुलांनी ते स्वतः उघडावेत, डायोड मोजावेत आणि त्यांतला कोणता गेला आहे ते मल्टीमीटरने शोधून काढावे. प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर त्यासाठी जागा करून ठेवली आहे.