धाकट्याची झोंप

अमरावतीच्या आमच्या घरीं धाकट्या भावाच्या अपस्माराविषयीं कोणी मोठ्यानें बोलत नसे. त्याच्या झोंपेविषयीं मात्र सारें घर बोले. फिनोबार्बिटोन सुरू झालें आणि झटके थांबले, पण तो पुस्तकावर मान टाकूं लागला. आळशी ठरला. हें मूळचें झोंपेचेंच औषध. त्यानें अपस्मार आवरतो हें आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरानें १९१२ सालीं दाखविलें, हें आम्हांस कोठून ठाऊक? "चार दिवस बंद करून पाहूं," असें मींच सुचविलें. थोरल्याचें बोलणें, कोण मोडणार!

अकोल्यास मामांकडे निघालों, तों बडनेऱ्याच्या फलाटावरच त्यास लागोपाठ दोन झटके आले.

अकोल्याचे डॉक्टर रागें भरले नाहींत. औषध एकाएकीं तोडल्यास झटके उसळून येतात, एवढें सांगून त्यांनीं विचारलें, "रात्रीं घोरतो का? मध्येंच श्वास अडतो का?" आई म्हणाली, "नाक चोंदलें कीं फार." त्या नाकासाठीं सर्दीची गोळीही मीच देत होतों, गुंगीवर गुंगी, आणि श्वास अधिकच जड. ती गोळी बंद झाली, नाकांत मिठाच्या पाण्याचे थेंब आले. औषध डॉक्टरांनीं रात्रीं निजतांना देण्यास सांगितलें.

अजूनही तो सकाळीं आठाशिवाय उठत नाहीं. आई त्याचा चहा झांकून ठेवते.