गाडीचा भार आणि आपली अमानत

गाडीच्या पाट्यांचा विषय आपल्या घरांत पुरुषांपुरताच राहतो. मिस्त्री येतो, गाडीखाली शिरून काहीतरी ठोकतो, पैसे घेऊन जातो. घरातल्या बायांना कळते ते एवढेच की या महिन्यात गाडीने अमुक हजार खाल्ले. पण त्याच गाडीवर घराची चूल चालते आणि रात्री दोन वाजता आपलेच माणूस तिच्यात बसून घाट उतरत असते. म्हणून हा विषय दस्तरखानावर यायला हवा, असे आम्हाला वाटते. आमच्या घरात तो आंब्याच्या हंगामाआधी आला, त्याची ही हकीकत.

आमचे घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला. धाकटा भाऊ आखातातून परतला तेव्हा साठवलेल्या पैशांतून त्याने जुनी पिकअप घेतली. व्याजाचे कर्ज घरात नको, हे अब्बांचे पहिल्यापासूनचे म्हणणे. हंगामात खेड-दापोलीकडचा आंबा वाशीच्या बाजारात न्यायचा. बाकीच्या दिवसांत लग्नाची देग-भांडी, मंडपाचे सामान, सिमेंट, जे भाडे मिळेल ते. दुसऱ्या वर्षी गाडी मागून बसू लागली. रिकामी असतानाही मागचा भाग खाली दिसे, खड्ड्यात खटकन आवाज येई आणि वळणावर गाडी डाव्या अंगाला झुके.

मिस्त्रीने सोपा उपाय सांगितला. "दोन पाटे वाढवू. गाडी उंच होईल, दोन टन हसत उचलेल."

भावाला ते पटले. एक बागायतदार हंगामभर माल द्यायला तयार होता, पण एका फेरीत ऐंशी पेट्या न्यायच्या, ही त्याची अट होती. पाटे वाढवले की ते भाडे पक्के होणार होते.

अब्बांनी तीस वर्षे या घाटात ट्रक चालवला. ते म्हणाले, "आधी आहेत ते पाटे उघडून बघ बेटा. वाढवायचं नंतर बोलू."

पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, किंचित कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा पिनेने चासीला पक्का बसतो. मागचा डोळा शॅकलमध्ये झुलता असतो, कारण भार आला की कमान सपाट होते आणि पाटा लांब होतो. त्या लांबीला कुठेतरी जागा हवी. डोळ्यांच्या आत बुश असतात. सगळ्या पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो आणि पाट्यांचा हा गठ्ठा एक्सलला यू-क्लॅम्पने आवळलेला असतो. शॉकअपचे काम वेगळे. तो भार उचलत नाही. पाट्यांची उसळी जिरवतो.

उघडून पाहिले तेव्हा डाव्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटलेला निघाला. पाटे बहुधा तिथेच तुटतात, कारण भोकामुळे ती जागा कमजोर असते, आणि यू-क्लॅम्प ढिला असला की सगळा ताण तिथेच येतो. बुश झिजून लंबगोल झाले होते, पिना खाल्ल्या होत्या, शॅकलच्या भोकांत खेळ आला होता. खटकन येणारा आवाज तिथला होता. गाडी बसत होती ती पाटे कमी पडत होते म्हणून नव्हे, तर होते तेच कामातून गेले होते म्हणून.

मग अब्बांनी आरसी मागवली. गाडीचे भारासह मंजूर वजन 2,990 किलो, रिकाम्या गाडीचे 1,690 किलो. उरले 1,300. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस, दोघांचे दीडशे किलो वजा केले. राहिले 1,150. आंब्याची भरलेली लाकडी पेटी 22 किलोची धरली तर 52 पेट्या झाल्या. ऐंशी पेट्या भरल्या असत्या तर गाडीचे एकूण वजन 3,600 किलोवर गेले असते, म्हणजे मंजुरीपेक्षा 610 किलो जास्त.

कागदावर हा हिशेब मांडला तेव्हा सगळे घर भोवती बसले होते. भावजयीने विचारले, "पाटे वाढवले की ब्रेकसुद्धा वाढतात का?" साऱ्या चर्चेतला हा सर्वांत कामाचा प्रश्न होता. ब्रेक वाढत नाहीत. एक्सल तोच राहतो, हबचे बेअरिंग तेच राहते, टायरही तेच. जादा पाटा गाडीची पाठ सरळ ठेवतो, त्यामुळे भार दिसत नाही, पण भार असतोच. घाट उतरताना जितके वजन जास्त तितकी उष्णता ब्रेकला जास्त सोसावी लागते. एक पंचमांश वजन वाढले तर उष्णताही तेवढीच वाढणार. ब्रेक तापून पकड सोडू लागले की खालच्या गिअरशिवाय आधार उरत नाही. शिवाय कडक पाट्यांची गाडी रिकामी परतताना इतकी उसळते की ओल्या वळणावर मागची चाके रस्ता सोडू पाहतात.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. पाटे वाढवून आरसीवरचा आकडा वाढत नाही.

भावाचे एक म्हणणे होते, आणि ते वरवर खरे वाटते. आता बोगदा झाला आहे. भोगाव ते खवटी असा सुमारे दोन किलोमीटरचा कशेडी बोगदा; त्याची एक बाजू सप्टेंबर 2023 मध्ये गणपतीच्या गर्दीसाठी हलक्या वाहनांना खुली झाली आणि घाटाची वळणे वाचली. मग भार वाढवला तर बिघडले काय? पण वाशीपर्यंतचा सगळा रस्ता बोगद्यात नाही. 2011 पासून चौपदरीकरण चाललेल्या या महामार्गावर पावसाळ्यात खड्डे आणि वळवलेले रस्ते कोणाला चुकलेत? आणि काही कारणाने बोगदा बंद ठेवला की वाहने पुन्हा जुन्या घाटानेच जातात.

अमेरिकेत लोक पिकअपच्या मागे चाकांवरचे घर जोडून महिनोन्‌महिने फिरतात. त्या घराखालीही पाटेच असतात. तिथले जाणकार पाटे वाढवण्याआधी नायलॉनचे बुश काढून पितळेसारख्या धातूचे बसवतात, ग्रीस भरता येईल असे बोल्ट घालतात, जाड शॅकल लावतात. भाराची मर्यादा मात्र गाडीवरच्या पाटीवर असते तीच मानतात. म्हणजे सुधारणा करायची ती झिजणाऱ्या जागी.

अब्बांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी 'हिदाया'चा मसला काढला. बाराव्या शतकातले बुऱ्हानुद्दीन मरगीनानी यांचा हा हनफी ग्रंथ. कोकणातले आपण बहुतेक शाफई, पण मसला कोणालाही पटावा असा आहे. ठरावीक वजनाचा गहू वाहण्यासाठी जनावर भाड्याने घेतले, त्यावर ठरल्यापेक्षा जास्त लादले आणि जनावर मेले, तर जितका भार जादा तितकी भरपाई लादणाऱ्यावर येते. आणि तेवढा भार तसल्या जनावराला पेलणाराच नसेल, तर पूर्ण किंमत. अबू दाऊदच्या संग्रहातली उंटाची हदीसही आपल्याला ठाऊक आहे: उपाशी ठेवून राबवून घेणाऱ्या मालकाला रसूलुल्लाह (स.) यांनी समज दिली होती. गाडीला जीव नाही, हे खरे. पण तिच्यात बसलेल्याला आहे, आणि समोरून येणाऱ्या एसटीत बसलेल्यांनाही आहे. बागायतदाराचा माल जशी अमानत, तशीच ही माणसेही.

शेवटी ठरले ते असे. दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलले, कंपनीने दिले होते तितकेच आणि त्याच जाडीचे. एकच बाजू बदलली की गाडी पुन्हा झुकते. बुश, पिना, शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-क्लॅम्प नवे घातले. जिथे बसत होत्या तिथे ग्रीस निपलच्या पिना घेतल्या. मागचे दोन्ही शॉकअप बदलले. पाटे वाढवण्यापेक्षा खर्च दुप्पट झाला. ऐंशी पेट्यांचे भाडे गेले; तो बागायतदार दुसऱ्या गाडीकडे वळला. त्या हंगामात भावाच्या हाती आधीच्या वर्षापेक्षा कमी पैसे आले, आणि ईदचे कपडे घरातल्या मुलांपुरतेच झाले. त्याबद्दल भावजय काही बोलली नाही. उलट हंगामभर ती रात्री झोपू शकली, एवढे तिने अम्मीला सांगितले.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी तीन गोष्टी घरात ठरवून टाकाव्यात. आरसीवरची दोन वजने काढून आपल्या गाडीत किती पेट्या, किती गोणी बसतात तो आकडा सर्वांना माहीत असावा, बायकामुलांनाही. पाट्यांचे काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून यू-क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवे पाटे बसताना ते ढिले पडतात. आणि महिन्यातून एकदा दिवसाउजेडी गाडीखाली वाकून पाटे, पिना आणि शॅकल पाहावेत. दोन पाट्यांमधून गंजाची लाल रेघ उतरलेली दिसली किंवा एखादा पाटा बाजूला सरकलेला दिसला, तर त्या दिवशी भाडे घेऊ नये. रिज्क देणारा अल्लाह आहे. पेट्या मोजणे आपल्या हातात आहे.