चुकलेला शब्द

वाचकहो, छापून गेलेली चूक दुरुस्त करण्याची मासिकांत एक ठरलेली रीत आहे. पुढील अंकाच्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती द्यावयाची आणि दिलगिरी व्यक्त करून मोकळे व्हावयाचे. हातांखालून एवढा मजकूर जातो की एखादा शब्द चुकणारच, अशी अनुवादकही स्वतःची समजूत घालून घेतो. परंतु माझ्या हातून झालेल्या एका चुकीला त्या चार ओळी पुरल्या नाहीत. उलट त्यांनी ती चूक दुप्पट केली. ती हकीगत आज मुद्दाम सांगावयास घेतली आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले असतील आणि या चुकीचा संबंध त्यांच्याशी आहे.

एके वर्षी पावसाळा सरता सरता विद्यार्थ्यांच्या पानासाठी एक टिपण माझ्या मेजावर आले. समुद्रविज्ञान आणि वातावरणविज्ञान या विषयांत विद्यार्थ्यांना कोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाचे काम शिकण्याची सोय कोठे आहे, अशी माहिती त्यात होती. मूळ इंग्रजी मजकुरात या विद्यार्थ्यांना ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हटले होते. ज्याचा पदवीचा अभ्यास चालू आहे आणि पदवी अजून हाती आलेली नाही, तो अंडरग्रॅज्युएट. मी स्वतः बी. ए. झालेली, हा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. परंतु संध्याकाळ झाली होती, अंक छापखान्यात जावयाचा होता, आणि लेखणी चालली तशी चालू देऊन मी लिहिले : ‘पदवीधर विद्यार्थ्यांसाठी’.

तीन महिन्यांनी बेट्टदपुराहून एक पत्र आले. म्हैसूर जिल्ह्यातील या गावी आमच्या मराठी आवृत्तीचा वर्गणीदार असेल, याची मला कल्पना नव्हती. पत्र लिहिणारे गृहस्थ शिवणकाम करणारे. घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी त्या मुलखात जाऊन राहिलेले. दुकानात कन्नड आणि घरात मराठी. मुलांची मराठी अक्षरांशी ओळख राहावी म्हणून ते आमचे मासिक घेत. त्यांनी लिहिले होते, ‘आमची मुलगी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षास आहे. आपल्या अंकात वाचून ती फार आनंदली होती, परंतु योजना पदवीधरांसाठी आहे असे पाहून मी तिला दोन वर्षे थांबावयास सांगितले. आता तिचे गुरुजी म्हणतात की मुदत टळून गेली. खरे काय ते कळवावे.’

मी जुना अंक काढून पाहिला आणि माझी चूक मला दिसली. ती लहान नव्हती. त्या टिपणात केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर’ योजनेची माहिती होती. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या पहिल्या एक टक्का विद्यार्थ्यांत बसणारी जी मुले मूलभूत विज्ञानाकडे वळतात, त्यांना या योजनेतून वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, आणि ती जास्तीत जास्त पाच वर्षे चालू शकते. त्यांपैकी २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधनाच्या कामासाठी असतात. पात्र विषयांच्या यादीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या बरोबरीने वातावरणविज्ञान आणि सागरविज्ञान यांचीही नावे आहेत. अर्ज करावयाचा तो पदवीच्या पहिल्याच वर्षी. ती मुलगी त्या एक टक्क्यात बसली असती की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही; कारण अर्जच गेला नव्हता.

पुढच्याच अंकात मी दुरुस्ती दिली. या वेळी कोश उघडून, पुरता विचार करून शब्द निवडला : ‘पदवीपूर्व’. महिन्याभराने त्याच गृहस्थांचे दुसरे पत्र आले. ‘योजना पदवीपूर्व मुलांसाठी आहे हे वाचले. तेव्हा धाकट्या मुलास घेऊन त्याच्या कॉलेजच्या कचेरीत गेलो. तेथील कारकून हसले.’ झाले होते ते असे की कर्नाटकात ‘पदवीपूर्व’ म्हणजे अकरावी-बारावी. तेथील त्या वर्गांच्या महाविद्यालयांना हेच नाव आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला चालला असता तो शब्द बेट्टदपुरात पुन्हा खोटा ठरला होता. अनेक राज्यांतील घरांत जाणाऱ्या मासिकाने आपला शब्द कोणत्या गावी काय अर्थ घेऊन पोहोचतो हे पाहावयास नको काय?

त्याच वर्षी आश्विनात अनुवादकांच्या एका कार्यशाळेसाठी मला म्हैसूरला जावे लागले. रविवार मोकळा होता. पत्राने दोनदा चुकलेली गोष्ट समक्ष जाऊन सांगावी, असे ठरवून मी हुणसूरमार्गे जाणारी बस धरली.

बेट्टदपुराचा डोंगर दुरूनच दिसतो. भोवतालच्या तंबाखूच्या रानांतून तो एकटाच वर चढत गेला आहे. शिखरावर मल्लिकार्जुनाचे देऊळ असून त्या देवाला ‘सिडिलु मल्लिकार्जुन’ म्हणतात. सिडिलु म्हणजे कडाडून पडणारी वीज. वीज गाभाऱ्यात उतरून देवाला भेटून जाते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. डोंगराच्या पायथ्याकडील एका गल्लीत त्या गृहस्थांचे घर सापडले. पुढे शिवणयंत्र, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये भिंतीशी रचून ठेवलेले आमच्या मासिकाचे जुने अंक.

“ताई, आपण एवढ्यासाठी आलात?” ते संकोचून म्हणाले. मी क्षमा मागितली. त्यांनी ती हसून बाजूला सारली. पण आतल्या दाराशी उभी असलेली मुलगी हसली नाही, आणि ते मला योग्यच वाटले.

चहा झाल्यावर तिने एक वही आणून दाखविली. लहानपणी वीज चमकली की तिची आजी अंक मोजावयास सांगे आणि गडगडाट ऐकू आला की थांबवी. मोजणी लांबली तर वीज दूर, आखडली तर जवळ, एवढे आजीला ठाऊक होते. पुढे शाळेत मुलीला त्याचे कारण कळले. प्रकाश तत्काळ पोहोचतो. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तेव्हापासून दरवर्षी वळवाच्या दिवसांत तिने नोंदी ठेवल्या होत्या : तारीख, वेळ, डोंगराची कोणती बाजू, किती सेकंद. अशी चार वर्षांची ती वही होती.

“पण ताई,” वडील म्हणाले, “आम्ही डोंगराखालची माणसे. या घरात समुद्र कोणी पाहिलेला नाही. समुद्राचे शास्त्र किनाऱ्यावरच्या मुलांनी शिकावे, हे बरे नाही का?”

याचे उत्तर मुलीनेच दिले. “अप्पा, आपल्याकडे जूनमध्ये पाऊस कोठून येतो? कोडगूच्या डोंगरांवरून. आणि तेथे कोठून येतो? अरबी समुद्रावरून.” वडील काही बोलले नाहीत. शिवणाऱ्याचे गिऱ्हाईक शेतकरी असते, आणि पाऊस लांबला की दुकानात कापड येत नाही, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. विजेचेही तसेच आहे. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावत आहेत, आणि त्यांत शेतावर राबणारी माणसे फार असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असल्यास मोबाइलवर इशारा देते. ज्या विजेला त्या गावाने देवळात स्थान दिले, तिचाच हिशेब पुण्यात मांडला जातो आहे, हे ऐकून आजीबाई जवळ येऊन बसल्या.

मग मी त्यांना दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. वाचकहो, त्या आपणही आपल्या मुलांना सांगाव्यात. ती पुण्याची संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी हे तरुणपणी महाविद्यालयात अध्यापक होते, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की बंगळूरला जाऊन सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करीत. सुट्टीतील संशोधन म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट अण्णा मणी यांची. १९४० साली शिष्यवृत्ती मिळवून त्याही रामन यांच्याकडे गेल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी संशोधन केले, प्रबंधही लिहिला, परंतु एम. एस्सी.ची पदवी नव्हती म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही. १९४५ साली परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, ती भौतिकशास्त्राची नसून हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी ती घेतली, लंडनला जाऊन शिक्षण पुरे केले, १९४८ साली परतून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, आणि तोवर बाहेरून मागवावी लागणारी उपकरणे आपल्या देशात तयार होऊ लागली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७६ साली त्या त्या खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. मिळालेली शिष्यवृत्ती आपल्या मनातल्याच विषयाची असते असे नाही. तरीही तिच्यातून आयुष्यभराचे काम उभे राहू शकते.

“फी किती भरावी लागेल?” वडिलांनी शेवटी विचारले. हा प्रश्न घरोघरी मनात असतो आणि ओठांवर येत नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे स्पष्ट देते. बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. तेथे विद्यार्थ्याने पैसे भरावयाचे नसून त्यालाच मासिक विद्यावेतन आणि रेल्वेभाडे मिळते. ते परत फेडावयाचे नसते. निवड होण्यासाठी गुण, अध्यापकाचे शिफारसपत्र आणि आपण काय शिकू इच्छितो याचे थोडक्यात निवेदन पाहिले जाते. जाहिरात सामान्यतः दिवाळीच्या आगेमागे निघते. याखेरीज पुण्याची वर सांगितलेली संस्था, १९६६ साली स्थापन झालेली गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचे महासागर माहिती केंद्र अशा ठिकाणीही विद्यार्थ्यांना काम शिकण्याची संधी मिळू शकते. मात्र तेथे प्रत्येक वेळी विद्यावेतन मिळेलच असे नाही. राहण्याखाण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे आधी विचारून घ्यावे. योजनाही बदलतात. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेचे नाव पुष्कळांच्या तोंडी आहे, परंतु ती २०२२ साली स्वतंत्र योजना म्हणून बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली. म्हणून त्या त्या वर्षीचे मूळ सूचनापत्र वाचल्याशिवाय केवळ ऐकीव माहितीवर थांबू नये, आणि खरे सांगावयाचे तर मासिकातील अनुवादावरही थांबू नये.

मुलीला पदवी मिळण्यापूर्वी आता एकच उन्हाळा उरला होता. आम्ही तिघेजण शिवणयंत्राशेजारी बसलो. निवेदन तिने आधी मोठमोठ्या शब्दांत लिहिले होते : विज्ञानाची ओढ, देशाची सेवा, इत्यादी. मी तिला वहीतील गोष्ट लिहावयास सांगितली. तिने ती कन्नडात सांगितली, वडिलांनी मराठीत आणली, मी इंग्रजीत घातली, आणि मग आमचे सारे बाजूला ठेवून तिने स्वतःच्या इंग्रजीत ती पुन्हा लिहिली. तेच निवेदन सर्वांत चांगले झाले. बाहेर आभाळ भरून आले होते. डोंगरामागे वीज चमकली तेव्हा आजीबाई सवयीने अंक मोजू लागल्या, आणि आम्ही सगळेच थांबलो. सतरापर्यंत मोजणी गेली. मुलीने वही ओढून नोंद केली.

पुढे वैशाखात त्या गृहस्थांचे तिसरे पत्र आले. मुलीची निवड होऊन ती पश्चिम किनाऱ्यावरील एका संस्थेत दोन महिन्यांसाठी गेली होती. तिने घरी कळविले होते, ‘आपल्याकडे येणारे ढग जेथून निघतात ते ठिकाण पाहिले.’ पत्र वाचून मला समाधान झाले. परंतु पाच वर्षांची ती दुसरी शिष्यवृत्ती मिळण्याची संधी गेली ती गेलीच, हे मी विसरले नाही आणि विसरू नये.

आता आमच्या पानावर ‘पदवीधर’ही नाही आणि ‘पदवीपूर्व’ही नाही. आम्ही लिहितो : ‘बारावी उत्तीर्ण होऊन सध्या पदवीच्या वर्गात शिकत असलेले विद्यार्थी’. एका शब्दाऐवजी इतके शब्द लिहिल्याने एक ओळ वाढते आणि छापखान्यातून तक्रार येते. ती मी ऐकून घेते. आपल्या घरी असा विद्यार्थी असेल, तर यंदाची दिवाळी येण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की अर्ज केलास का? आणि आमचा एखादा शब्द आपल्या गावी निराळा अर्थ घेऊन पोहोचला, तर बेट्टदपुरच्या त्या गृहस्थांप्रमाणे आम्हांस पत्र टाकावे.