एका रानाची तीन पुस्तकं

कोल्हापूरहून गारगोटी रस्त्यानं कळंब्याबाहेर पडलं, की उसाचं रान आणि त्याला खेटून आखलेले बिगरशेती प्लॉट दिसतात. इथं राहणाऱ्या माणसानं काय वाचावं, याचा विचार मी या रानापासूनच सुरू करतो.

दुकानात कादंबऱ्या एका फळीवर, उद्योगाची पुस्तकं दुसऱ्या, समाजाची तिसऱ्या. या फळ्या मला मानवत नाहीत. प्रश्न एकच धरावा आणि तिन्हीकडून साक्षी काढाव्यात.

आनंद यादव इथल्याच कागलचे. त्यांच्या ‘झोंबी’त (१९८७) दुसऱ्याचं रान फाळ्यानं करणारं घर आहे, शाळेसाठी जीव टाकणारं पोर आहे आणि त्याला रानाकडं ओढणारा बाप. पोराची बाजू कुणालाही पटते. मला पुस्तक मोठं वाटतं ते बापामुळं. त्याचा संताप येतो, आणि तरी एक पोर शाळेत गेलं की रानातले दोन हात कमी होतात, हा त्याचा हिशेब खोटा ठरवता येत नाही. ज्याचा राग येतो त्याचंही म्हणणं जिथं ऐकू येतं, ती कादंबरी घ्यावी.

अशाच रानात लोखंडी नांगर विकायला निघालेला माणूस ‘यांत्रिकाची यात्रा’मध्ये भेटतो. तो माणूस म्हणजे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर, आणि हे शंकरराव किर्लोस्करांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र. लोखंडानं जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. नांगर पडून राहिले. पुढं बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं मी चाळून ठेवून देतो. न खपलेल्या मालाची गोष्ट ज्यात आहे, ते उद्योगाचं पुस्तक.

आता याच्या शेजारी त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ ठेवा. साल १९१५, म्हणजे वाडी उभी राहून पाचच वर्षं झालेली. बलुतेदार काय काम करतो, खळ्यावर त्याला काय मिळतं, कोण कुणाला नाडतं, हे महसूल खात्यात काम केलेल्या माणसानं जवळून पाहून लिहिलंय. ते वाचलं आणि नांगराची गोष्ट मला नव्यानं कळली. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. कारखान्याचा नांगर आला, तर त्याच्या बलुत्याचं काय? हा प्रश्न मला एकट्या चरित्रानं पडला नव्हता, एकट्या ‘गावगाड्या’नंही नाही.

कळंब्याच्या आयटीआयमधलं एक पोरगं मध्यंतरी म्हणालं, “काका, एखादं भारी पुस्तक सांगा की.” लेथवर हात बसत आलेला त्याचा, त्याला मी आधी किर्लोस्कर दिले. ‘गावगाडा’ नंतर. भाषा जुनी आहे, पहिल्या झटक्यात दिला तर हाती धरणार नाही. ‘झोंबी’ मात्र कधीही, कुणालाही.

या तिन्हींच्या पुढचं पुस्तक मी अजून शोधतो आहे. रान गुंठ्यावारी विकलं, हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या झाल्या, दारात नवी गाडी उभी राहिली; त्या घरात पुढची दहा वर्षं काय बोलणं झालं? त्या व्यवहारातला आकडा मला हवा आहे, आणि त्या बहिणींचं म्हणणंही.